रिकाम्या खाटा

सीमेवर तोफा धडाडू लागल्या आणि नागपुरातल्या घराघरांतले टीव्ही बंद होईनासे झाले. केशवराव पातुरकरांकडेही तीच गत. वीज कंपनीतून निवृत्त झालेला हा गृहस्थ सकाळी चहा घेऊन बातम्यांसमोर बसे, तो चहा तसाच निवून जाई. एकाहत्तरच्या लढाईत वडिलांनी खिडक्यांच्या काचांना काळा कागद चिकटवला होता आणि आईने जवानांसाठी मोजे विणले होते, हे त्यांनी सून मुग्धाला किती वेळा सांगितलं असेल याची गणतीच नव्हती.

"तेव्हा प्रत्येक जण काहीतरी करत होता," ते म्हणत. "आणि आम्ही? आम्ही नुसते बघे!"

ही हुरहूर तुम्हाआम्हालाही ठाऊक आहे. देशावर प्रसंग आला की आपलेही हात शिवशिवतात. त्यात वाईट काहीच नाही. पण शिवशिवणाऱ्या हातांना पहिलं जे काम सापडतं, तेच गरजेचं असतं असं मात्र नाही.

केशवरावांना काम सापडलं ते असं. हिंगणा रोडला, एमआयडीसीतल्या कामगारांच्या वस्तीच्या तोंडाशी, एका न्यासाचं छोटंसं प्रसूतिगृह होतं. बारा खाटा, एक प्रसूतीची खोली, बाहेर बाळांना लस टोचायचा व्हरांडा. पाटीवर त्याचं नाव लांबलचक होतं, पण वस्तीतल्या बाया त्याला 'बाईचा दवाखाना' म्हणत. बाई म्हणजे डॉक्टर मधुवंती खानझोडे. केस पांढरे होईस्तोवर त्यांनी तिथेच बाळंतपणं केली होती. केशवराव त्या न्यासाचे सचिव होते.

लढाईच्या त्या पहिल्या दिवसांत न्यासाची तातडीची बैठक बोलावली गेली. अध्यक्ष सौरव हिवरकर इतवारीतले कापडाचे व्यापारी. तरणाबांड, बोलका माणूस. खिशाला तिरंग्याचा बिल्ला लावूनच ते आले.

"आपले बाराच्या बारा बेड जखमी जवानांसाठी राखीव ठेवायचे," त्यांनी जाहीर केलं. "उद्यापासून बाळंतपणं, तपासण्या, लसीकरण, सगळं बंद. वेळ आली तर नागपूर तयार पाहिजे!"

टाळ्या वाजल्या. केशवरावांनी तर उभं राहून वाजवल्या. डॉक्टरबाई मात्र हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

"सौरवजी, जवानांसाठी सैन्याची स्वतःची हॉस्पिटलं आहेत," त्या म्हणाल्या. "चांगली आहेत. सीमेवरचा जखमी माणूस एवढ्या लांब, आपल्या बारा खाटांवर कोण आणणार? आपल्याकडे ना ऑपरेशनची सोय, ना रक्तपेढी. आणि लढाई लागली म्हणून पोटातलं पोर बाहेर यायचं थांबतं का?"

"बाई, बाळंतपणाला मेडिकलचं सरकारी रुग्णालय आहे की," केशवराव मध्येच बोलले. "चार दिवस गैरसोय होईल. देशासाठी एवढं सोसायला नको?"

"सोसायचं कोणी, केशवराव? तुम्ही की त्यांनी?"

सौरवजींनी हात वर करायला सांगितलं. ठराव झाला. एकट्या डॉक्टरबाईंचा हात खाली राहिला.

दुसऱ्या दिवसापासून केशवराव अंग झाडून कामाला लागले. फरशा धुतल्या, नवीन पांढऱ्याशुभ्र चादरी आणल्या. प्रसूतीच्या खोलीत सलाईनच्या बाटल्या आणि पट्ट्यांची खोकी रचून तिला कुलूप घातलं. फाटकावर फलक लागला: 'वीर जवानांसाठी राखीव'. टोचणीला बाळं घेऊन आलेल्या बाया फलकाकडे बघत, एकमेकींना विचारत आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढून उन्हातच परत फिरत. कोणी भांडलं नाही. गरिबाला परत फिरायची सवय असते, आणि परत पाठवणाऱ्याला ते दिसतही नाही.

त्या दिवशी जेवताना मुग्धाने विचारलं, "बाबा, मग त्या बायका कुठे जातील?" तिला सातवा महिना लागला होता.

"मेडिकलला. तिथे सगळं फुकट आहे."

"किती लांब पडतं ते त्यांना. मला पाठवाल तुम्ही एवढ्या लांब, अशा उन्हात?"

केशवराव हसले. "तुझं वेगळं आहे गं. तुझं धंतोलीतल्या खासगी दवाखान्यात ठरलंय ना सगळं."

मुग्धाने ताटातली पोळी अर्धीच खाल्ली, हे तिच्या नवऱ्याच्या, अर्णवच्या, लक्षात आलं. केशवरावांच्या लक्षात आलं नाही. ते बातम्या बघत होते.

मग तो दिवस उजाडला. सायंकाळी शहरातले काही मान्यवर आणि वार्ताहर दवाखान्याची सज्जता बघायला यायचे होते. मे महिन्यातलं नागपूर, दुपारी रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. केशवराव वॉर्डात उभे राहून चादरीची एकेक सुरकुती काढत होते. तेवढ्यात फाटकाशी ऑटो थांबला.

आधी उतरला विक्की. हिंगण्याच्या एका कारखान्यात तो मशीनवर होता. अंगात कंपनीचा निळा शर्ट तसाच होता. मागे त्याची आई बायजाबाई, आणि तिच्या खांद्यावर मान टाकलेली त्याची बायको खुशी. वीस-एकवीस वर्षांची पोर. मौद्याकडची माणसं, कामासाठी इथे येऊन राहिलेली.

"साहेब, हिले सकाळपासून दुखून राहिलं," विक्की धापा टाकत म्हणाला. "बाईले बोलवा ना जी लवकर."

"अहो, हे बंद आहे. फलक वाचला नाही का?"

"वाचला जी. पण हिचं नाव इथंच लावलं आहे ना! बाईनंच तपासलं हिले दर महिन्याले. बाई म्हणे, पोर पोटात उलटं आहे, कळा आल्या की आधी इथं या."

आतून परिचारिका वेदिका धावत आली. तिने खुशीच्या पोटावर हात ठेवला आणि तिचा चेहराच बदलला.

"काका, बाळ पायाळू आहे. वेळ कमी आहे. खोली उघडा, मी बाईंना फोन करते. निदान तपासू तरी द्या."

केशवरावांनी मागे वळून पाहिलं. बारा खाटा. बारा पांढऱ्या चादरी. थोड्या वेळाने पाहुणे येणार, आणि तिथे बाळंतीण, रक्त, आरडाओरडा! सौरवजी काय म्हणतील? ठराव आपणच लिहिलेला.

"नियम म्हणजे नियम, वेदिका," ते म्हणाले. "एकीला घेतलं की उद्या दहा येतील. मेडिकलला सगळ्या सोयी आहेत, हिच्याच भल्याचं आहे ते." आणि मग, स्वतःला बरं वाटावं म्हणून, त्यांनी गार पाण्याची बाटली आणून विक्कीच्या हातात दिली. ऑटोवाल्याला म्हणाले, "नीट ने रे बाबा, खड्डे चुकव."

बायजाबाईने दाराच्या जाळीतून आत बघितलं. "आत तं कोणीच नाही जी! काहून नाही घेत मंग?"

"आजी, ते जवानांसाठी आहे."

म्हातारीने जवान हा शब्द ऐकला आणि हात जोडले. कोणाला, देव जाणे. मग सुनेला सावरत ती परत ऑटोत चढली. खुशी तोवर एक अक्षर बोलली नव्हती. ऑटो वळताना मात्र तिने दाराची दांडी अशी घट्ट धरली होती की बोटांची पेरं पांढरी पडली होती.

ऑटो वळणाआड गेला आणि वेदिकाचा फोन लागला. पलीकडून डॉक्टरबाईंचा आवाज एवढा मोठा होता की केशवरावांनाही ऐकू आला. "थांबवा त्यांना! मी निघाले!"

वेदिका रस्त्यापर्यंत पळत गेली. रस्त्यावर ऊन तेवढं होतं.

सायंकाळी पाहुणे आले. फोटो निघाले. सौरवजींनी भाषण केलं, केशवरावांच्या गळ्यात हार पडला. कोणीतरी म्हणालं, "व्वा, काय टापटीप आहे!" टाळ्या चालू असतानाच वेदिका दारात येऊन उभी राहिली. तिचे डोळे सुजले होते. केशवराव हार सावरत तिच्याजवळ गेले.

"काका, ते पोचलेच नाहीत वेळेवर," ती म्हणाली. "चौकात मिरवणूक होती, रस्ता अडला. ऑटोतच पाय बाहेर आले. डोकं अडकलं. बायजाबाई एकटीच ओढत होती. बाळ गेलं, काका. मुलगी होती. खुशीला मेडिकलमध्ये घेतलंय, फार रक्त गेलंय तिचं."

केशवरावांच्या गळ्यात हार तसाच होता. झेंडूचा. मागे सौरवजी हाक मारत होते, "सचिवसाहेब, एक फोटो राहिला!"

तिसऱ्या दिवशी सकाळी ते मेडिकलला गेले. कशासाठी जातोय हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. वॉर्डाबाहेरच्या बाकावर डॉक्टरबाई बसल्या होत्या. रात्र त्यांनी तिथेच काढली असावी. साडी चुरगळली होती.

"कशी आहे ती?" केशवरावांनी विचारलं.

"जगेल. इथल्या लोकांनी शर्थ केली. बसा."

ते बसले. मग केशवराव म्हणाले, "बाई, मी कोणाचं वाईट चिंतलं नव्हतं हो."

"ठाऊक आहे मला. तुम्ही वाईट माणूस नाही, हीच तर पंचाईत आहे. वाईट माणसाला मी ओरडून बाजूला सारलं असतं. तुम्ही पाण्याची बाटली देऊन पाठवलंत तिला." बाईंचा आवाज चढला नव्हता. "एक सांगा मला. विक्की म्हणाला असता, 'साहेब, मी फौजेत आहे, ही जवानाची बायको आहे,' तर उघडलं असतं दार?"

केशवरावांनी मान खाली घातली. "उघडलं असतं."

"मग अडचण खाटांची नव्हती, केशवराव. चादरींचीही नव्हती. ती कोणाची बायको आहे, याची होती."

आत कोणाचं तरी बाळ रडायला लागलं. डॉक्टरबाई क्षणभर तिकडे कान देऊन थांबल्या.

"तो जवान तिकडे उभा आहे, तो कशाच्या राखणीला? नकाशावरच्या रेघेच्या? त्या रेघेच्या अलीकडे हीच पोर राहते, हिचं बाळंतपण होतं, हिच्या लेकराला लस टोचली जाते. तो इतकंच तर राखतो! आणि ते आपण इथे बसल्या बसल्या मोडून टाकलं. त्याच्या नावाने! कोरोनातही आपण असंच केलं होतं. टोचणी बंद, तपासणी बंद. किती बाया अंधाऱ्या खोल्यांमध्ये बाळंत झाल्या, कोणी विचारलं नाही. संकट आलं की पहिली कात्री कशाला लागते? आईला आणि बाळाला. कारण ती दोघं ओरडत नाहीत. लढाईत गेलेल्यांची नावं बातम्यांत येतात, यावीतच. या तान्ह्या पोरीचं नाव कुठे येणार? तिला तर नावच नव्हतं. पण तीही या लढाईतच गेली. आणि तिच्यावर शत्रूने गोळी झाडली नव्हती!"

केशवराव उठले आणि वॉर्डात गेले.

खुशी कुशीवर वळून भिंतीकडे तोंड करून पडली होती. पान्हा फुटला होता; झग्याची छाती ओलीचिंब झाली होती, आणि बायजाबाई कोरडं फडकं दुमडून तिथे लावत होती. ते भिजलं की दुसरं. विक्की खाटेच्या पायथ्याशी उकिडवा बसला होता. केशवरावांना पाहून तो उठलाही नाही, शिवीही दिली नाही.

केशवरावांनी हात जोडले. "आजी, माझं चुकलं…"

बायजाबाईने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. त्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. म्हातारीने अगदी साधेपणाने, खरंच जाणून घ्यायचं म्हणून विचारलं,

"साहेब, मंग आले काय कोणी जवान? त्या खाटांवर?"

काय सांगणार? बारा खाटा रिकाम्या होत्या. काल रिकाम्या होत्या, आजही रिकाम्या आहेत, चादरींवर एक सुरकुती नाही! देशाची सेवा म्हणून आपण काय केलं? बारा रिकाम्या खाटांची राखण केली! आणि त्यासाठी एक जिवंत पोर दारातून परत पाठवली!

ते तिथून थेट दवाखान्यात आले. कोणाला फोन केला नाही, कोणाची परवानगी घेतली नाही. फलक उतरवून भिंतीला टेकवला. प्रसूतीच्या खोलीचं कुलूप काढून खोकी स्वतः उचलून बाहेर ठेवली. वेदिकाही मदतीला आली.

सायंकाळी सौरवजी तणतणत आले. "पातुरकर, हा काय प्रकार आहे? लढाई चालू असताना? लोक आपल्याला देशद्रोही म्हणतील!"

"म्हणू द्या," केशवराव म्हणाले. ते दारातून हलले नाहीत. "सौरवजी, रक्तदान करायचं तर सगळ्यात आधी माझा हात पुढे असेल. जवानाच्या घरी आई एकटी असेल, तर मी तिला डबा पोचवीन. पण हे दार बंद करणार नाही. बंद करायचं असेल, तर आधी मेडिकलला जा. तिथे एक म्हातारी बसली आहे. ती तुम्हाला एकच प्रश्न विचारेल. त्याचं उत्तर देऊन या, मग मीच तुम्हाला कुलूप आणून देतो."

सौरवजी चिडून निघून गेले. पण दुसऱ्या दिवशी ते मेडिकलला गेले, हे केशवरावांना वेदिकाकडून कळलं. तिथे काय बोलणं झालं ते कोणालाच ठाऊक नाही. परत आल्यावर त्यांनी खिशावरचा बिल्ला काढला नाही, मात्र ठराव रद्द करणाऱ्या कागदावर निमूटपणे सही केली. आणि डॉक्टरबाईंनी त्याखाली आणखी एक ओळ लिहायला लावली: लढाई असो, पूर असो की साथ असो, या घराचं दार आई आणि बाळासाठी बंद होणार नाही.

दार उघडलं. पण आलं कोणीच नाही!

व्हरांड्यात लसींचा डबा घेऊन वेदिका बसून राहायची. बाया रस्त्याने जात, दवाखान्याकडे बघत, आणि पुढे निघून जात. वस्तीत बातमी पसरली होती. दार लावायला एक ठराव पुरला होता. विश्वास काही ठरावाने परत येत नाही.

केशवराव वस्तीत हिंडू लागले. वेदिका सोबत असे. पत्र्याच्या खोल्या तापलेल्या, कूलरची घरघर, दारं अर्धवट लोटलेली. काहींनी ऐकून घेतलं. एकीने तोंडावर दार लावलं. एका म्हाताऱ्याने विचारलं, "पुन्हा लढाई झाली तं?" त्याला केशवराव कागदावरची ती ओळ वाचून दाखवायला गेले, तर म्हातारा म्हणाला, "मले वाचता नाही येत जी," आणि आत निघून गेला.

दरम्यान सीमेवर शस्त्रसंधी झाली. फटाके फुटले, पेढे वाटले गेले. त्याच सुमारास खुशी घरी आली होती. केशवराव तिच्या खोलीपाशी गेले ते दिवस चांगला वर आल्यावर. ती उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. चेहरा पिवळट, डोळ्यांखाली काळं. बायजाबाई आतून बघत होती.

केशवराव खाली, ओट्याच्या पायरीवर बसले. "खुशी, मी माफी मागायला आलोय. मागण्याची लायकी नाही माझी, तरी."

तिने तांदळातून खडा काढून बाजूला टाकला. आणखी एक काढला.

"माफी नाही देता येत मले," ती म्हणाली. त्यांनी तिचा आवाज ऐकला तो पहिल्यांदाच. "मी कोशिश केली साहेब. नाही होत. ऑटोत तिचा पाय माह्या मांडीले लागून राहिला होता. गरम होता."

केशवरावांनी डोळे मिटले.

खुशीने सूप खाली ठेवलं. शेजारच्या दाराकडे हात केला. "ही रितिका. हिचे दिवस भरत आले. पहिलंच आहे. हिचा नवरा बुटीबोरीले ड्युटीवर राहते, घरी कोणी नाही. लय भेली आहे ती, माहं पाहून. दवाखान्यात नाही जात म्हणते." ती थांबली. मग सरळ त्यांच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "तिले पाठवू काय? परत तं नाही पाठवणार ना?"

"नाही," केशवराव म्हणाले. "नाही पाठवणार, पोरी. कोणालाच नाही."

खुशी भिंतीचा आधार घेत उठली, शेजारच्या दारात गेली आणि आतल्या मुलीला म्हणाली, "चाल वं रितिका, उद्या बाईकडून तपासून घे. मी येतो तुह्यासंगं."

घरी परतल्यावर केशवराव मुग्धाजवळ बसले. "त्या दिवशी तू विचारलंस आणि मी हसलो," ते म्हणाले. "तुझं वेगळं नाही, बेटा. कोणाचंच वेगळं नसतं." मुग्धाने त्यांच्या हातावर हात ठेवला, एवढंच.

नागरिकहो, लढाया येतील आणि जातील. त्या वेळी झेंडे लावा, रक्त द्या, जवानाच्या घराकडे लक्ष ठेवा. ते आपलं कर्तव्यच आहे. पण देशासाठी त्याग करायचा, तर तो आपल्या ताटातून करायचा असतो, शेजारणीच्या कुशीतून नव्हे! संकटात ज्या देशात आईसाठी खाट आणि लेकरासाठी लस शिल्लक उरते, तोच देश लढाई जिंकला असं म्हणावं. खुशीच्या लेकीला हे सांगून आता काही उपयोग नाही. तुम्हाला सांगून आहे, म्हणून सांगितलं.